तीन सर्व्हर, बावीस व्हीएम, साठ जुने डेस्कटॉप: व्हीएमवेअर सोडायचं का?

भोसरी_आयटी

मंडळी, धागा लांबणारे, आधीच सांगतो. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी आयटी बघतो, मी आणि एक ज्युनिअर मुलगी, बाकी कोणी नाही. तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात आठ-आठ कोअरचे दोन प्रोसेसर, त्यावर व्हीएमवेअर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, आणि त्याच्यावर बावीस व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक. ईआरपी (कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा डेटाबेस, टॅली, फाइल सर्व्हर, डोमेन (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारं), हजेरी, सगळं तिथेच. इतकी वर्षं चाललं, आणि चांगलं चाललं, खोटं कशाला बोलू.

पण २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं आणि डिसेंबरात एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची सोयच बंद केली. आता भाडं भरत राहायचं, तेही कोअर मोजून, आणि एका प्रोसेसरमागे कमीत कमी सोळा कोअर धरतात. म्हणजे माझे खरे कोअर ४८ आणि बिल ९६ चं. आमच्यासारख्या छोट्यांसाठी तीन सर्व्हरचं इसेन्शियल्स प्लस किट होतं, तेही २०२४ संपता संपता गेलं. आम्ही ज्या सातव्या व्हर्जनवर आहोत त्याचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे नुसतं बसून राहायची पण सोय नाही.

माझं मत, सर्व्हर प्रॉक्समॉक्स या व्हीएमवेअरसारख्याच ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर न्यायचे. खाली डेबियन लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम आहे, २००८ पासून चालू आहे, सपोर्ट घ्यायचा तर पैसे सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर मोजून, कोअरवर नाही. मी घरी जुन्या मशीनवर वर्षभर चालवतोय.

दुसरी गोष्ट डेस्कटॉपची. साठ डेस्कटॉप आहेत, बहुतेक इंटेलच्या सहाव्या पिढीचे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मालकांना एकाने सांगितलंय की डेस्कटॉप पण व्हर्च्युअल करून टाका, टेबलावर फक्त डबा ठेवा. याला माझा ठाम विरोध आहे. सकाळी साडेआठला शिफ्ट लागते तेव्हा साठ जण एकदम लॉगिन करणार, साठ विंडोज एकाच स्टोरेजवर उठणार, आणि ते स्टोरेज तेच जिथे ईआरपीचा डेटाबेस बसलाय. वर प्रत्येक डब्यामागे मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरायचं वेगळं लायसन्स. त्यापेक्षा वर्षाला वीस डेस्कटॉप नवे घ्या आणि विषय मिटवा.

तुम्ही काय केलं सांगा. विरोध असेल तर मोकळेपणाने करा.

ठाण्याचा_जुना_अ‍ॅडमिन

भोसरीकर, तुमचा कोअरचा हिशोब बरोबर आहे पण निर्णय चुकतोय असं मला वाटतं. प्रॉक्समॉक्स मी पण घरी चालवून बघितलं होतं, आवडलं होतं, आणि एका क्लायंटकडे दोन नोडचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या दोन सर्व्हरचं, क्लस्टर लावून दिलं. दोनच. एक दिवस एका नोडचा पॉवर सप्लाय गेला, म्हटलं दुसरा आहे की, पण प्रत्येक नोडचं एक मत आणि निम्म्याहून जास्त मतं लागतात, दुसऱ्याकडे ते बहुमत नाही म्हणून तो एकही व्हीएम सुरू करू देईना, कॉन्फिगरेशन वाचता येतं पण बदलता येत नाही. रात्रीचे अकरा, मी फोनवर, तिकडे त्यांचा अकाउंटंट कीबोर्डवर, मी एकेक अक्षर सांगतोय आणि तो टाइप करतोय. दीड तास गेला. नंतर तिसऱ्या मतासाठी एक छोटं मशीन लावलं, तेव्हापासून ठीक आहे. हे कागदपत्रात लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं, चूक माझीच. पण मुद्दा असा की त्या रात्री मी नसतो तर?

प्रॉक्समॉक्सवाले व्हिएन्नाचे. त्यांचा सपोर्ट ऑस्ट्रियातल्या ऑफिसच्या वेळेत. तुमची रात्रपाळी बंद पडली की तिकीट टाकून सकाळ व्हायची, आणि तीही तिकडची सकाळ, वाट बघायची. व्हीएमवेअर येणारा इंजिनिअर पुण्यात हाक मारली तर मिळतो. तुम्ही उद्या दुसरी नोकरी धरलीत तर मालकाने कोणाकडे बघायचं? ९६ कोअरचे पैसे त्या उत्तराचे आहेत असं समजा.

भोसरी_आयटी

ठाणेकर दादा, दोन नोडचा किस्सा सांगितलात ते बरं झालं, माझे तीन आहेत पण एक नोड मेंटेनन्सला काढला की उरलेल्या दोघांपैकी एकही पडून चालत नाही हे मी नीट धरलं नव्हतं.

मी गेलो तर काय, हा प्रश्न मलाही रात्री छळतो. पण तो आजही तसाच आहे हो. लायसन्स भरलं म्हणून कोणता व्हीएम आधी उठवायचा हे बाहेरच्या इंजिनिअरला कळत नाही. मागच्या पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस संपला, सगळं बंद. लाइट आल्यावर होस्ट, म्हणजे ते तीन सर्व्हर, उठले पण ते नावावरून पत्ते विचारतात डोमेनच्या डीएनएसला, आणि ते काम करणारा डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर व्हीएम म्हणून झोपलेला. हे मला माहीत होतं म्हणून वीस मिनिटांत निस्तरलं. हे कुठल्याच सपोर्ट काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं नसतं.

सातपूर_नाशिक

मला एक कळत नाही, व्हीएमवेअरसारख्याच मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा विषय कोणीच का काढत नाही? बावीस व्हीएममधले विंडोज किती? समजा चौदा. विंडोज सर्व्हरचं लायसन्स होस्टच्या कोअरवर लागतं, खाली हायपरवायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, कोणताही असो, प्रॉक्समॉक्सवर गेलात म्हणून ते सुटत नाही. त्याच्या स्टँडर्ड प्रकारात लायसन्सच्या एका संचावर दोन व्हीएम. चौदा व्हीएम तिन्ही होस्टवर फिरणार असतील तर प्रत्येक होस्टला सात-सात संच, त्यापेक्षा डेटासेंटर हा दुसरा प्रकार स्वस्त पडतो आणि त्यात कितीही व्हीएम. डेटासेंटर घेतलंच तर हायपर-व्ही त्यातच आहे, वेगळा रुपया नाही. आम्ही २०२४ मध्ये हायपर-व्हीवर गेलो. अडचण एकच, मॅनेजमेंटचे स्क्रीन चार ठिकाणी विखुरलेत, व्हीएमवेअरसारखी एका खिडकीत सगळं दिसायची सोय नाही, त्याची सवय व्हायला सहा महिने लागले. पण येणाऱ्या कोणत्याही नव्या मुलाला विंडोज येतं, आणि ठाणेकरांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे माझ्या मते सगळ्यात स्वस्त उत्तर आहे.

आणि भोसरीकर, हा हिशोब मालकांना दाखवताना लपवू नका. प्रॉक्समॉक्स फुकट असं सांगाल आणि नंतर विंडोजचं बिल येईल तेव्हा तुमचीच पत जाईल.

सांगली_पतसंस्था

डेस्कटॉपच्या बाबतीत मी भोसरीकरांच्या पूर्ण विरोधात आहे. आमची पतसंस्था, अकरा शाखा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं तेव्हा दोन शाखांत टेबलाच्या वर पाणी होतं. सर्व्हरचा डेटा वाचला, पण शाखेतल्या पीसीवर माणसांनी काय काय ठेवलं होतं ते तेव्हा कळलं. कर्जाच्या अर्जांचे स्कॅन, वसुलीच्या एक्सेल, सगळं डेस्कटॉपवर. चिखल धुऊन, हार्डडिस्क वाळवून, एकेक करून बघत बसलो होतो. एक बाई आठ वर्षांची वसुलीची यादी गेली म्हणून रडल्या, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर सगळं सर्व्हरवर नेलं. पण तुम्ही म्हणता तसं प्रत्येकाला वेगळं विंडोज नाही दिलं. एक विंडोज सर्व्हर, त्यावर वीस-बावीस माणसांची सेशन, माणशी रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स. असे चार व्हीएम. साठ विंडोज उठत नाहीत, चारच चालू असतात, त्यामुळे तुमचा साडेआठचा लोंढा तेवढा मोठा राहत नाही. जुने पीसी फेकले नाहीत, त्यावर छोटं लिनक्स टाकून नुसती खिडकी केली, सहावी पिढी काय आणि चौथी काय.

त्रास झाला तो प्रिंटिंगला. पासबुकचा प्रिंटर आणि तीन कॉपीवाला डॉट मॅट्रिक्स, रिमोट सेशनमधून अक्षरं कधी बारीक यायची, कधी ओळ खाली घसरायची. शेवटी प्रिंटरला नेटवर्कचा पत्ता देऊन सर्व्हरवरच ड्रायव्हर टाकला. आणि शाखेला दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन हवीच, एक तुटली की अख्खी शाखा हात बांधून बसते. हे दोन्ही खर्च धरा. पण विरोध करताना पूर्ण व्हीडीआय, म्हणजे प्रत्येकाला सर्व्हरवर वेगळं विंडोज, आणि हे सेशनचं काम यात फरक करा, तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात घातलंत.

चाकण_रात्रपाळी

भोसरीकरांना पाठिंबा, आम्ही आधीच प्रॉक्समॉक्सवर गेलोय. ठाणेकरांनी रात्री अकराची गोष्ट सांगितली तर माझी पण ऐका, आणि ती व्हीएमवेअरवरची आहे. ईआरपीचं अपडेट करायच्या आधी कोणीतरी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती) घेतला आणि काढायचा राहिला. आठ महिने. त्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये साठत गेला, डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्क ठेवायची जागा, थिन दिलेलं, म्हणजे कागदावर जास्त आणि प्रत्यक्षात कमी, एक दिवस काठोकाठ भरलं आणि त्यावरचे व्हीएम जागेवर थांबले. गेटवर माल भरलेले चार ट्रक, इनव्हॉइस निघेना, तो माल ई-वे बिलाशिवाय बाहेर जाऊ शकत नाही, ड्रायव्हर उन्हात, डिस्पॅचवाला माझ्या डोक्यावर. सपोर्ट काँट्रॅक्ट चालू होतं हो तेव्हा. त्यांनी सांगितलं जागा मोकळी करा. जागा मलाच शोधायची होती.

आता जायचं असेल तर हे लक्षात ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये २०२४ पासून ईएसएक्सआयवरून, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरून, व्हीएम सरळ ओढून घ्यायची सोय आहे, लिनक्सचे व्हीएम सहज येतात. विंडोज निळा स्क्रीन देतो कारण बूटच्या वेळी त्याच्याकडे व्हर्टआयओचा, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्कचा, ड्रायव्हर नसतो. घाबरायचं नाही. आधी डिस्क साध्या साटा प्रकारची म्हणून जोडा, विंडोज उठेल, मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडून ड्रायव्हर टाका, बंद करा, आता खरी डिस्क व्हर्टआयओवर घ्या. दुसरं, व्हीएमच्या आतली व्हीएमवेअर टूल्स निघायच्या आधीच काढा, नंतर काढताना फार छळतात. तिसरं, नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे जुना आयपी लपलेल्या कार्डाला चिकटून राहतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढल्याशिवाय नवीन कार्ड नीट बसत नाही. डेटाबेसचा व्हीएम सगळ्यात शेवटी.

आणि साध्या घरगुती एसएसडीवर झेडएफएस ही डेटा साठवायची पद्धत चालवू नका. आमच्या वर्षभरात झिजल्या.

रिस्टोअर_आधी

सगळे हायपरवायझरवर भांडताय आणि बॅकअपचा शब्द एकदाही आला नाही म्हणून लिहितोय. २०२३ च्या फेब्रुवारीत ईएसएक्सआयआर्ग्ज नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं, ते एकेका पीसीच्या मागे लागलं नाही, थेट व्हीएमवेअरच्या होस्टवर जाऊन व्हीएमच्या फाइलीच लॉक केल्या. ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच दोन वर्षं आधी, २०२१ च्या फेब्रुवारीतच आलेला होता. ही वेळ प्रॉक्समॉक्सवर, हायपर-व्हीवर, कशावरही येऊ शकते. बावीस व्हीएम एका टोपलीत आहेत, टोपलीचा दरवाजा ऑफिसच्या नेटवर्कवर उघडा ठेवू नका, मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळं करा, बॅकअपच्या मशीनला डोमेनचा पासवर्ड चालता कामा नये.

भोसरीकर, एकच विचारतो. शेवटचा व्हीएम बॅकअपमधून उठवून कधी बघितलात?

भोसरी_आयटी

खरं सांगतो, फाइली परत काढल्यात, अख्खा व्हीएम उठवलेला नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर दोन दिवस डोक्यातून गेला नाही.

सांगलीच्या ताई, तुमचं मान्य. पोत्याची चूक माझी. स्टोअर, अकाउंट आणि डिस्पॅचची पंधरा-सोळा माणसं सेशनवर नेऊन बघतो, त्यांच्याकडे टॅली, ईआरपी आणि एक्सेल याशिवाय काही नसतं, आणि चलनाचा डॉट मॅट्रिक्स आमच्याकडेही आहे तेव्हा तुमची युक्ती लागणारच आहे. डिझाइनच्या सात मशीनला हात लावणार नाही, त्यांचं कॅड व्हर्च्युअल करायचं तर सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि त्याचं वेगळं भाडं, त्यात माझा विरोध कायम आहे.

सातपूरकर, विंडोजचे अकरा निघाले, तुमच्या चौदापेक्षा कमी, आणि त्यातले तीन बंदच करता येतील असे आहेत. पूर्ण हिशोब विंडोजसकट मालकांच्या टेबलावर ठेवलाय.

ठाणेकर दादा, तुमचं पटलेलं नाही पण टाळणार पण नाही. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. परवाच्या गुरुवारी मी सर्व्हररूमच्या बाहेर खुर्ची टाकून बसलो आणि ज्युनिअरला आत पाठवलं. तिच्या हातात फक्त वही, मी मराठीत लिहिलेली, कोण आधी उठतं, कोणाचा पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे ते. तिने जुन्या टेस्ट मशीनवर प्रॉक्समॉक्स टाकलं आणि हजेरीचा व्हीएम बॅकअपमधून उठवला. तीन तास दहा मिनिटं लागली. दोनदा बाहेर येऊन विचारलं, ती दोन्ही उत्तरं वहीत नव्हती, आता आहेत. येत्या गुरुवारी टॅलीचा व्हीएम, तोही तीच उठवणार, मी त्या दिवशी ऑफिसला जाणार नाही, फोन चालू ठेवेन. डेटाबेसचा निर्णय त्यानंतर.

चाकणकर, एसएसडीचं मॉडेल न सांगता नुसता प्रकार सांगा ना, एंटरप्राइझवाल्या घेताना नेमकं काय बघितलंत?