मदत हवी आहे : आईचा गुडघा दुखतो, पण मूळ दोष खुब्यात असू शकतो का?

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात राहतो. माझी आई ६६ वर्षांची आहे आणि तिच्या शस्त्रक्रियेचा निर्णय येत्या काही आठवड्यांत घ्यायचा आहे. दोन डॉक्टरांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ज्यांच्या घरात कोणाचा खुबा किंवा गुडघा बदलला आहे, अथवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर कोणी सल्ला द्यावा हे मलाच पटत नाही.

आईने ऊसतोडणीचे बावीस हंगाम केले. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, उरलेला दिवस वाकून ऊस तोडायचा, आणि गावी परतल्यावर उकिडवे बसून खुरपणी करायची, असे तिचे आयुष्य गेले. आमच्याकडे या वयाच्या बायकांचे गुडघे धरलेलेच असतात, त्यामुळे आठ वर्षांपूर्वी तिचे दुखणे सुरू झाले तेव्हा त्याकडे आजार म्हणून कोणी पाहिले नाही. ‘वंगण संपलं’ एवढे निदान शेजारपाजारच्यांनीच केले.

त्याच सुमारास बाजाराच्या गावी एका माणसाकडून मिळणाऱ्या पुड्या ती घेऊ लागली. दोन दिवसांत दुखणे थांबले आणि घरात सगळ्यांना बरे वाटले. पुढे तिचा चेहरा गोल व सुजल्यासारखा दिसू लागला, रक्तातील साखर वाढली, तरी या गोष्टींचा संबंध पुडीशी असेल हे आमच्या लक्षात आले नाही. त्या पुड्यांत स्टेरॉइड असावे, असे आता डॉक्टर म्हणतात. पुडीत काय आहे हे मी तेव्हाच विचारायला हवे होते, ते विचारले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या वर्षभरात दुखण्याचे रूप बदलले आहे. कुठे दुखते असे विचारले की ती उजव्या गुडघ्यावर आणि मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवते. मात्र अलीकडे जांघेतही कळ येते, तिला मांडी घालून बसता येत नाही, आणि त्या पायाची जोडवी काढायची झाली तरी हात तिथवर पोहोचत नाही. रिक्षात बसताना उजवा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो. गुडघ्याला सूज नाही आणि तो पूर्ण सरळ होतो, ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

पहिल्या डॉक्टरांनी उभे करून काढलेला एक्स-रे पाहिला, दोन्ही गुडघ्यांची झीज चौथ्या म्हणजे शेवटच्या श्रेणीची असल्याचे सांगितले आणि दोन्ही गुडघे एकदमच बदलण्याचा सल्ला दिला. खुब्याची तपासणी त्यांनी केली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून पाय खुब्यातून आतल्या बाजूला फिरवून पाहिला, तेव्हा ती ओरडलीच. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तिथले हाड मृत झाले असण्याची शक्यता आहे, दीर्घकाळ स्टेरॉइड पोटात गेल्याने असे घडू शकते, असे सांगून त्यांनी खुब्याचा एमआरआय करायला सांगितला आहे.

गावात मात्र सगळे गुडघेच बदला म्हणतात. २००० साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा आणि पुढच्या वर्षी उजवा गुडघा बदलला गेला, हे जुन्या माणसांना अजून आठवते, आणि पाय दुखणाऱ्या प्रत्येकाला ते हाच एक उपाय सुचवतात. मला भीती अशी वाटते की गुडघे बदलूनही दुखणे तसेच राहिले, तर आई पुन्हा शस्त्रक्रियेला तयार होणार नाही.

दुखणे नेमके कोणत्या सांध्याचे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी खात्रीने ठरवता येते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. दोन्ही सांधे खराब निघाले तर आधी कोणता बदलावा? खर्चाबाबतही विचारायचे आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला कर वगळून ५४,७२० रुपये ही कमाल किंमत ठरवली, एवढे मला माहीत आहे. आम्हाला सांगितलेली एकूण रक्कम त्याच्या कितीतरी पट आहे.

प्रतिसाद (अस्थिरोग विभागात काम केलेला सदस्य)

आपण लक्षणे फार नेमकी लिहिली आहेत. रुग्ण तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु जांघेतील कळ, मांडी घालता न येणे आणि पाय आत फिरवताना होणारी वेदना या तिन्ही गोष्टी खुब्याकडे बोट दाखवतात. खुबा आणि गुडघा या दोन्हींना जाणाऱ्या काही नसा समान असतात, म्हणून खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असेही नाही.

एमआरआयनंतरही शंका राहिली तर सोनोग्राफीच्या मदतीने खुब्याच्या सांध्यात भुलीचे इंजेक्शन देतात. त्यानंतर काही तास ‘गुडघा’ दुखायचा थांबला, तर दोष खुब्यात आहे असे मानायला भक्कम आधार मिळतो. दोन्ही सांधे खराब असतील तर सर्वसाधारणपणे खुबा आधी बदलतात, कारण खुबा आखडलेला असताना नव्या गुडघ्याचे व्यायाम नीट होत नाहीत. खुबा बदलल्यावर गुडघ्याचे दुखणे इतके कमी झालेले मी पाहिले आहे की काही रुग्णांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही.

एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. पुड्या अजून चालू असतील तर त्या एकाएकी बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते, आणि अशा वेळी ते अचानक थांबले किंवा शस्त्रक्रियेचा ताण आला तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकतो. भूलतज्ज्ञांना हे आधी सांगा. साखर आटोक्यात आणा, दातांचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा करून घ्या, आणि आई मिश्री लावत असतील तर ती सोडवा, कारण तंबाखूमुळे जखम भरायला वेळ लागतो.

सांधा किती टिकतो हेही लोक विचारतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के गुडघे आणि ५८ टक्के खुबे २५ वर्षे टिकतात. खर्चासाठी अंबाजोगाई किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवा. किमतीची मर्यादा फक्त सांध्याला आहे. खोली, शस्त्रक्रिया आणि भूल यांचे शुल्क वेगळे असते, म्हणून अंदाजपत्रक लेखी आणि बाबवार मागा.

प्रश्नकर्ता

आपले मनापासून आभार. आपला प्रतिसाद वाचून मी आईला पुड्यांबद्दल पुन्हा विचारले. बंद केल्या असे ती आम्हाला सांगत होती, पण एक दिवसाआड अजूनही घेते, हे तिने आज कबूल केले. पिठाच्या डब्यामागे अकरा पुड्या निघाल्या. त्या फेकल्या नाहीत. सोमवारी अंबाजोगाईला जाताना डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत नेणार आहे आणि एमआरआयची तारीखही तेव्हाच घेणार आहे.

आमचा संडास भारतीय पद्धतीचा, अंगणाच्या टोकाला आहे. खुबा बदलावा लागला तर तिला उकिडवे किंवा खाली बसता येणार नाही असे समजते, म्हणून घरात कमोड बसवून घेतो. तिची उंची पाच फुटांपेक्षा थोडी कमी आहे. कमोडची बैठक जमिनीपासून किती उंच ठेवावी आणि आधाराचा दांडा कोणत्या बाजूला बसवावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?