लाडू लाल डब्यात का?

मीठमसाला: कालच्या धाग्यात एका ताईंनी लेकीचं कौतुक केलं. बालवाडीत मुलांना खाऊची चित्रं वेगळी करायला लावतात, 'चांगला' हिरव्या डब्यात, 'वाईट' लाल डब्यात. पोरीने घरी येऊन आजीला सुनावलं, "लाडू वाईट!" सगळे म्हणाले, किती हुशार. मला तर आजीचीच दया आली. खाऊ वाईट, तर करणारी कोण? बेसनाचा लाडू आणि लॉलीपॉप एकाच डब्यात? त्यापेक्षा मटार सोलायला बसवा. माझा चिरंजीव सोलतासोलता निम्मे फस्त करतो, त्याला कुणी हिरवा डबा दाखवला नव्हता.

रोखठोक: वा! म्हणजे दात किडेपर्यंत गप्प बसायचं? पाचव्या वर्षी माझ्या मुलाच्या दोन दाढांचं रूट कॅनल झालंय. खुर्चीत त्याचे हात मी धरले होते, तुम्ही नाही. सीबीएसईने 2025 मध्ये शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं ते उगीच?

गावरान: साखर सोडा, गूळ द्या. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गूळ-शेंगदाणे, सगळ्यांचे दात शाबूत.

रोखठोक: गूळही बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच. दातांवरच्या जंतूंना ऊस कुठल्या गावचा ते कळत नाही.

गावरान: तुम्ही हायड्रोस, ती रंग उजळायची पावडर, मारलेला पिवळाधमक खाता! आमचा काळा, गुऱ्हाळावरचा. लोह असतं त्यात.

रोखठोक: लोहासाठी किती ढेपा चारता पोराला?

गावरान: शहरात बसून शेतकऱ्याची टिंगल सोपी असते.

आकडेमोड: भांडा निवांत. डब्ल्यूएचओ म्हणते, वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस मिळून रोजच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्के तर उत्तमच. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या 1300 कॅलरी धरल्या तर 10 टक्क्यांनी झाले जेमतेम चहाचे 8 चमचे. दुधातली चॉकलेटी पावडर दोनदा, वर क्रीमची बिस्किटं, की कोटा संपत आला. 2024 मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक'मधून काढायला सांगितली. ती तुमच्या घरी कुठल्या डब्यात जातात?

गावरान: पावडरीचं नंतर. गुळाला साखरेच्या पंगतीत कुणी बसवलं?

मीठमसाला: अहो, चर्चा मुलांची चालली होती!

रोखठोक: बरं बाई, 'वाईट' नाही म्हणत. 'सणाचा खाऊ' म्हणते, खूश? फक्त आमच्या सासूबाईंचा सण रोज संध्याकाळी पाचला असतो, त्यांना हे तुम्हीच येऊन सांगा.

गावरान: पाचला काय देतात? चिक्की असेल तर देऊ द्या.