बटाट्याचा तीन फुटी मनोरा केला, पण बटाटे लागले फक्त तळाला. चुकलं कुठं?

जुळेसोलापूर_परसबाग

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

गावाकडं हरभऱ्यात शेळ्या शिरू नयेत म्हणून आणलेली तारेची जाळी उरली होती. तिचं दोन फूट रुंद, तीन फूट उंच असं गोल नळकांडं वळवलं आणि आतून ज्वारीच्या कडब्याचं अस्तर लावलं. तळाला वीतभर काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं, शिवाय चुलीची राख भरपूर. मार्केट यार्डातून आणलेले खायचे बटाटे कापून दिवाळी झाल्या झाल्या १४ फोडी लावल्या. बेणं सगळं मिळून ७०० ग्रॅम. रोप वीतभर वर आलं की नुसता शेंडा उघडा ठेवून माती आणि उसाचं पाचट भरायचं, परत वीतभर आलं की परत भरायचं. व्हिडिओत असंच दाखवलं होतं, आणि प्रत्येक थराला बटाटे लागतात असं सांगितलं होतं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघाल्या तेव्हा माझं नळकांडं काठोकाठ भरलं होतं आणि वर हिरवागार झुपका होता. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. महाशिवरात्रीच्या उपवासाला घरचेच बटाटे करायचे ठरवलं होतं, म्हणून आदल्या दिवशी जाळीची तार सोडली. वरचा थर हातानं उकरला तर मोकळा. मधलाही मोकळा. नुसती लांबच लांब पांढरी खोडं आणि केसासारखी मुळं. अगदी तळाच्या वीतभर मातीत हात गेला तेव्हा कुठं बटाटे लागले. वजन भरलं १ किलो ९०० ग्रॅम. त्यातले सहा-सात मऊ पडलेले, तीन हिरवे. पश्चिमेच्या बाजूला जे होते ते सुपारीएवढे. उपवासाचे बटाटे शेवटी कोपऱ्यावरून आणले.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते टाकीत साठवून घालते. कमी पडलं की बोअरचं, पण ते इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो. जागा दहा बाय बाराची आहे, दुपारी तीनपर्यंत ऊन असतं.

माती चुकली, बेणं चुकलं की पद्धतच चुकली? मनोरा पुन्हा करू का मोडू? येत्या हिवाळ्यात नीट करायचं आहे मला.

मंचरकडचा

ताई, माझं मूळ गाव मंचरजवळ, नोकरीमुळं सोलापुरात आहे. घरी तीन पिढ्या बटाटा आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बटाटा मुळाला लागत नाही. तो खोडाचाच भाग आहे. बेण्यापासून मातीच्या वरच्या थरापर्यंत जो खोडाचा तुकडा असतो, त्याच्या पेरांतून दोऱ्यासारख्या पांढऱ्या फांद्या आडव्या निघतात आणि त्यांच्या टोकाला गाठ फुगते. तोच बटाटा. या फांद्या निघायची वेळ रोप लहान असतानाच येते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जाती ७५ ते १०० दिवसांच्या. त्या एकदा फांद्या सोडतात आणि त्यांनाच फुगवतात. नंतर तुम्ही वर कितीही माती भरा, खोड फक्त उजेडाकडं लांबत जातं. तुमच्या मनोऱ्यात नेमकं तेच झालं. त्यात दर वेळी पानं गाडली गेली. पानंच तर कंदाला पोसतात. रोपाची सगळी ताकद नवीन शेंडा काढण्यात गेली.

शेतात आम्ही मातीची भर लावतो ती बटाट्यांची संख्या वाढावी म्हणून नाही. कंद उघडा पडला तर उन्हानं हिरवा होतो, आणि हिरवा बटाटा विषारी. तुमचे तीन टाकून दिलेत ना? शिजवूनही ते विष जात नाही. दुसरं म्हणजे बटाट्यावरची पाकोळी. काळ्या जमिनीला भेग पडली की ती आत शिरून कंदाच्या डोळ्यांवर अंडी घालते आणि अळी आत बोगदे करते. भर लावायची ती या दोन कारणांसाठी. त्याला सात-आठ इंच पुरतात, तीन फूट लागत नाहीत.

बेण्याबद्दल. खायच्या बटाट्याला काही शीतगृहांत कोंब येऊ नये म्हणून औषधाची धुरी देतात, त्यामुळं तो उगवेल की नाही याची खात्री नसते. शिवाय फोडी उबदार मातीत कुजतात. आमच्याकडं पावसाळी लागवडीला अख्खंच बेणं लावतात, कोंबडीच्या अंड्याएवढं, ४० ते ५० ग्रॅमचं. तुमचं बेणं ७०० ग्रॅममध्ये १४ फोडी, म्हणजे वजन बरोबर होतं, पण कापलेलं होतं. कापायचंच झालं तर फोडी सावलीत दोन दिवस पसरून काप सुकू द्या आणि मग लावा.

जात विचारून घ्या. कुफरी हे शिमल्याजवळचं ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था शिमल्यात आहे, म्हणून तिथल्या जातींच्या नावापुढं कुफरी लागतं. त्यातली एक आहे कुफरी लवकर. १९७२ साली आली, आपल्या दख्खनच्या पठारासाठी काढलेली, आणि नावातला ‘लवकर’ हा आपला मराठीच शब्द. २००६ मध्ये आलेली कुफरी सूर्या ही उष्णता सोसणारी. या दोन्ही मिळाल्या तर उत्तम. नाहीतर पुखराज बहुतेक ठिकाणी मिळतो. मंचरला पंजाबातलं बेणं येतं, कुणी त्या बाजूला जाणारं असलं तर दोन किलो मागवा.

अक्कलकोटरोडवाला

पद्धतच चुकीची असं म्हणू नका ओ. मी २०० लिटरच्या निळ्या पिंपाला बाजूनं भोकं पाडून तीन थरांत १८ बटाटे लावले होते आणि ६ किलो निघाले. उभं लावून येतं, मी स्वतः काढलेत.

मंचरकडचा

दादा, तुमचे आले याबद्दल शंकाच नाही, पण तुम्ही दर थराला वेगळं बेणं लावलं आणि रोपं बाजूनं बाहेर काढली. ताईंनी तळाला लावून वर भरत नेलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता तुमचाच हिशेब करा. १८ बेण्यांना ६ किलो, म्हणजे एका झाडाला साधारण ३३० ग्रॅम. ताईंचं झाड १३५ ग्रॅमवर अडकलं. जमिनीवर नीट वाढलेलं झाड अर्धा किलो सहज देतं. जागा अगदीच नसेल तर पिंप ठीक आहे. ताईंकडं दहा बाय बारा आहे, त्यांनी उंच जायची गरज नाही.

पूर्वभाग_गच्ची

अक्का, मी यंत्रमागावर ३० वर्षं काढली, आता गच्चीवर बाग करतो. सात हिवाळे झाले बटाटा लावतोय. मंचरच्या भावांनी कंदाचं बरोबर सांगितलं. मी सोलापुरातल्या उन्हाचं सांगतो, कारण इथं बटाटा मारतं ते ऊन.

बटाट्याला रात्र गार लागते. रात्रीचा पारा २० च्या खाली उतरला की तो कंद धरतो, आणि माती ३० च्या पुढं तापली की धरायचं सोडतो. झाड मात्र वर झकास दिसतं, त्यामुळं आपण फसतो. दिवाळी लवकर आली तर आपल्याकडं रात्रीही उबाराच असतो. मी कॅलेंडर बघत नाही. पहाटे पाणी भरायला उठल्यावर अंगावर चादर ओढाविशी वाटली की बेणं बाहेर काढतो. बहुतेक कार्तिकी एकादशीच्या पुढंमागं. झाडाच्या वयाचे ३० ते ७० दिवस डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत बसले पाहिजेत, एवढंच गणित.

आता भांडं. तिसऱ्या वर्षी मी काळ्या ग्रो बॅगेत लावले होते. ताप बघायचा थर्मामीटर एका दुपारी मातीत खुपसला, तो ४२ ला जाऊन टेकला. शेजारच्या बारदानाच्या पोत्यात तोच १५ मिनिटं ठेवला तर पारा ३५ च्या खुणेपर्यंतही चढला नाही. ताग श्वास घेतो, ओला असला की गार राहतो. त्या दिवसापासून काळी पिशवी बंद. तुमच्या मनोऱ्याच्या पश्चिमेचे बटाटे सुपारीएवढे राहिले ते याच कारणानं. जाळीला चारी बाजूंनी ऊन आणि वारा लागतो, कडब्याचं पातळ अस्तर त्याला काय अडवणार.

मी असं करतो. साखरेचं किंवा धान्याचं बारदानी पोतं घेतो. तोंड बाहेरून गुंडाळत गुंडाळत दहा इंचांवर आणतो, म्हणजे मोजा दुमडल्यासारखी जाड कड तयार होते आणि पोतं उभं राहतं. आत सहा इंच मिश्रण, त्यावर कोंब वर करून दोनच बेणी, मधे वीतभर अंतर, वर तीन इंच मिश्रण. तिसरं घालायचा मोह होतो, घालू नका. रोप वीतभर झालं की एक गुंडाळी उलगडायची आणि चार इंच भरायचं, वरची निम्मी पानं उघडी ठेवून. पंधरा दिवसांनी आणखी एकदा. संपलं. पोतं एकूण अठरा इंचांच्या वर जात नाही.

पोती विटांवर ठेवा, फरशीवर नको. फरशी रात्री नऊपर्यंत गरम असते. आणि नैर्ऋत्येच्या बाजूला दोरी बांधून जुनी चादर टाका. आपल्या घरात विरलेल्या चादरीला काय तोटा. दुपारी दोननंतर सावली पोत्यावर पडली पाहिजे, पानांवर नाही. पानांना ऊन हवं.

विजापूररोड_मातीवाली

राखेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. राख बंद करा. आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि बटाट्याला हवी थोडी आंबट माती, साडेपाच ते साडेसहा. राखेनं सामू आणखी वाढतो आणि सालीवर खरबरीत खवलं धरतात. तुमच्या बटाट्यांची साल पॉलिश पेपरसारखी लागत होती का? जड बोअरचं पाणीही तेच करतं. नळाचं साठवलेलं पाणी बटाट्याला राखून ठेवा, बोअरचं जास्वंद-बोगनवेलीला घाला.

मिश्रण: एक वाटा काळी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वर्षभर कुजवलेलं पाचट. ताजं पाचट नको, कुजताना ते नत्र ओढून घेतं. पोत्यामागं दोन मुठी निंबोळी पेंड.

जुळेसोलापूर_परसबाग

हो ताई, साल अगदी तशीच लागत होती! मला वाटलं जातच तशी असेल.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एकच विचारते. पाणी किती? मनोऱ्यात वरची माती दोन दिवसांत कोरडी व्हायची म्हणून मी रोज घालत होते आणि तळ कुजला.

पूर्वभाग_गच्ची

वरून बघू नका, बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. बोटाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आमच्याकडं पोत्याला दोन दिवसांआड दीड-दोन लिटर लागतं, जानेवारीत त्याहून कमी. पण कंद धरायच्या दिवसांत, म्हणजे पाचव्या आठवड्यापासून नवव्यापर्यंत, ओढ बसू देऊ नका. नळ कधी येणार याचा भरवसा नसतो, म्हणून मी दोन मोठे हंडे फक्त बटाट्यासाठी भरून झाकून ठेवतो. त्याला घरात कुणी हात लावत नाही.

मंचरकडचा

आणि काढायच्या दहा दिवस आधी पाणी पूर्ण तोडा, पाला जमिनीलगत कापा. साल पक्की होते. अंगठ्यानं घासून साल सरकली तर अजून थांबा.

जुळेसोलापूर_परसबाग

(पुढच्या फेब्रुवारीत)

जुना धागा वर काढतेय, सांगायचं राहून जाऊ नये म्हणून.

सहा बारदानी पोती, प्रत्येकी दोन बेणी. कुफरी लवकर मिळाला नाही, पुखराज मिळाला. अख्खं बेणं, अंड्याच्या खोक्यात खिडकीशी ठेवून बोटाच्या पेराएवढे जाड हिरवट कोंब आणले. कार्तिकी एकादशीनंतर चार दिवसांनी लावले. एका पोत्यात डिसेंबरात मावा कीड आली, साबणाचं पाणी दोनदा मारलं. राख नाही, बोअरचं पाणी नाही. सासूबाईंची चादर पश्चिमेला बांधली होती. ती विरली होती तरी टाकवत नव्हती त्यांना, रोज दुपारी सावली नीट पडली का ते त्याच बघायच्या.

काल दोन पोती ओतली. फरशीवर ताडपत्री अंथरून पोतं आडवं केलं आणि हळूच मागं ओढलं. मातीच्या ढिगात पहिला दिसला तो मुठीएवढा, साल पिवळसर, गुळगुळीत, अंगठ्यानं घासली तरी सरकली नाही. पहिल्या पोत्यात १ किलो ५० ग्रॅम, दुसऱ्यात ८८० ग्रॅम. मागच्या वर्षी सबंध मनोऱ्यातून जेवढे निघाले, तेवढे या दोन पोत्यांतच मिळाले, आणि त्यात एकही हिरवा किंवा कुजका नव्हता. दुसऱ्या पोत्यात एक बेणं उगवलं पण दुबळं राहिलं, म्हणून कमी.

जाळीचं नळकांडं मोडलं नाही, त्यावर कारल्याचा वेल सोडणार आहे.

उरलेल्या चार पोत्यांचं पाणी आज तोडलं. ती महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ओतायची. दाण्याचं कूट, जिरं आणि हिरवी मिरची घालून भाजी करायचं सासूबाईंनी आत्ताच ठरवून ठेवलंय.