विषय: जेवणाच्या खोलीच्या छताला ओल, वरचे नळ मात्र कोरडे

मंडळी, नमस्कार.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधलं दुमजली घर, लाकडी सांगाडा, 1998 चं बांधकाम. जेवणाच्या खोलीच्या छताला ताटाएवढा पिवळट डाग पडलाय. वर मुलांची बाथरूम आहे. प्लंबरने डागापाशी ड्रायवॉल (छताचा जिप्समचा बोर्ड) कापला, तेव्हा 3 इंची पांढऱ्या पीव्हीसी ड्रेन पाइपच्या एल्बोवरून (वळणाच्या तुकड्यावरून) थेंब पडताना दिसला. एल्बो बदलला, टबाच्या कडेच्या फटीतलं सीलंट नवं भरलं. दोन आठवडे टिपूस नाही आणि आता परत त्याच जागी ठिबकतंय. भोक उघडंच ठेवलंय. आता तो वरची टाइल फोडू म्हणतो. फोडू द्यावी का?

— नेपरव्हिलकर

उत्तर: जेवणाच्या खोलीच्या छताला ओल

टाइलला एवढ्यात हात लावू देऊ नका. आधी पाणी कुठल्या लाइनचं आहे ते ठरवा.

घरातले सगळे नळ, आइसमेकर, वॉशिंग मशीन बंद करून पाण्याच्या मीटरवरची छोटी चकती बघा. आकडा लिहून ठेवा आणि तासाभराने परत बघा. चकती हलली तर दाबाखालची, म्हणजे नळांना पाणी आणणारी लाइन गळतेय. ती रात्रंदिवस गळते, मध्ये दोन आठवडे सुट्टी घेत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ती शक्यता कमीच. एक अपवाद लक्षात ठेवा: शॉवरच्या व्हॉल्व्हपासून वर शॉवरच्या तोंडापर्यंतचा जो पाइप असतो, त्यात पाणी फक्त शॉवर चालू असतानाच असतं. मीटरला तो सापडत नाही. शॉवरचं तोंड काढून तिथे अर्ध्या इंचाची कॅप घट्ट बसवायची, व्हॉल्व्ह उघडायचा आणि पंधरा मिनिटं खाली भोकात बॅटरी मारून बघायचं.

मग ड्रेन. एका वेळी एकच गोष्ट, आणि दोन चाचण्यांमध्ये किमान अर्धा तास. घाई केली तर मागच्या चाचणीचं पाणी पुढच्याच्या नावावर जमा होतं.

टबात बूच लावून तीन इंच पाणी भरा आणि थांबा. खाली ओल आली तर ड्रेनच्या तोंडाचा गॅस्केट किंवा पुट्टी गेली. कोरडं राहिलं तर बूच काढून सगळं पाणी एकदम सोडा; आता आलं तर ट्रॅप (पाणी साठून वास अडवणारं पाइपचं वळण) किंवा पुढचा सांधा. यानंतर ओव्हरफ्लोच्या (टबातलं जास्तीचं पाणी जायच्या भोकाच्या) पत्र्यामागे मगाने थोडंथोडं पाणी ओता. टब काठोकाठ भरून ही चाचणी करू नका, मागचा रबर कुजलेला असला तर बादल्याच्या बादल्या पाणी थेट छतावर उतरेल. शेवटी हँडशॉवरने भिंती भिजवा, आधी नळाच्या खालचा भाग, मग व्हॉल्व्हच्या पत्र्याभोवती, मग टाइलचे कोपरे.

टॉयलेटच्या टाकीत खायचा लाल रंग टाकून पाचसहा वेळा फ्लश करा. भांडं दोन्ही हातांनी धरून हलतंय का तेही बघा. फरशी नंतर बदललेली असेल तर फ्लँज (भांडं ड्रेनला जोडणारं कडं) नव्या फरशीच्या खाली जातो आणि मधली मेणाची वॅक्स रिंग नीट दाबली जात नाही. बेसिन सगळ्यात सोपं: काठापर्यंत भरून सोडा आणि खालच्या नटांवर कोरडा टिश्यू फिरवा.

— ऑरोराकर

उत्तर: उत्तर: जेवणाच्या खोलीच्या छताला ओल

ऑरोराकर काकांच्या यादीला एक पुरवणी. एल्बो बदलूनही थेंब तिथेच येतोय, म्हणजे एल्बो बहुतेक निर्दोष आहे. उभ्या पाइपच्या अंगावरून ओघळणारं पाणी जिथे पाइप वळतो तिथे सुटून पडतं. आडव्या पाइपला फुटाला दोन सूत उतार असतो, त्यामुळे तिथेही ओघळ खालच्या अंगाने दहा दहा फूट जाऊ शकतो.

म्हणून पाइपला पांढऱ्या पेपर टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळा आणि रबरबँड लावा. एक एल्बोच्या लगेच वर, एक हात पोचेल तितकी उंच, आणि एक टॉयलेटचा फाटा जिथे मिळतो त्याच्या वर. हात पोचत नसेल तर फोनला लावायचा एंडोस्कोप स्वस्तात मिळतो. नाहीतर वरच्या मजल्यावर कपाटाच्या आतून सहा इंचांचं चौकोनी भोक पाडा, तिथे डागडुजी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. कापताना करवतीचं पातं अर्ध्या इंचापेक्षा आत जाऊ देऊ नका, मागे वायर असते. सगळ्यात वरची ओली पट्टी बघायची, खालच्या ओल्या झाल्या तरी त्यांना काही अर्थ नाही.

सोबत फ्रिजवर कागद लावा: थेंब कधी दिसला, त्याआधी कोणी आंघोळ केली, मशीन लावलं, पाऊस होता का, वारा कुठून. प्लंबरला हा कागद टाइल फोडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नवा सांधा तपासताना पाइप चिकटवण्याआधी लावायच्या प्रायमरचा जांभळा पट्टा दिसतो का बघा. (बिनरंगाचा प्रायमरही मिळतो, तेव्हा नुसत्या पट्ट्यावरून भांडू नका.) आणि पाइपच्या अंगावर स्क्रूचं टोक शोधा. ड्रायवॉलचा स्क्रू चुकून पाइपात घुसला तर तोच वर्षानुवर्षं बुचाचं काम करतो, आणि गंजला की गळती चालू.

— शॉमबर्गची ताई

उत्तर: चाचण्यांचे निकाल

मीटर हलला नाही. शॉवरचा पाइप कोरडा. टब, ओव्हरफ्लो, टॉयलेट, बेसिन सगळं करून खाली टिपूस नाही, लाल रंगही नाही. वरच्या कपाटातून भोक पाडलं. तिथली पट्टी, म्हणजे बाथरूमच्या सगळ्या फाट्यांच्या वरची, ओली झाली. पाणी स्वच्छ, वास नाही. कागदावरच्या नोंदी: दोनदा ठिबकलं, दोन्ही वेळा पश्चिमेच्या जोरदार वाऱ्यासह पाऊस होता. मधल्या सरळ पडलेल्या पावसात कोरडं. पण ड्रेनच्या इतक्या वर पाणी येणार कुठून?

— नेपरव्हिलकर

उत्तर: उत्तर: चाचण्यांचे निकाल

छपरावरून. तोच पाइप वर व्हेंट म्हणून छपराबाहेर निघतो. हवा मिळाली नाही तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास घरात येतो, म्हणून तो उघडा ठेवलेला असतो. आत पडणारा पाऊस ड्रेनमध्येच जातो, त्याचं काही नाही. छपरातून पाइप बाहेर येतो तिथे रबरी गळपट्टी असलेला बूट असतो. उन्हाने ते रबर दहापंधरा वर्षांत चिरतं, शिंगल (छपरावरच्या कौलांसारख्या पट्ट्या) अजून चांगले असले तरी. चीर पश्चिमेच्या अंगाला असेल तर वाऱ्याचाच पाऊस आत शिरतो आणि पाइपच्या बाहेरून खाली उतरतो.

खात्री करा. अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) बॅटरी घेऊन जा, पाय फक्त जॉइस्टवर (लाकडी तुळयांवर). पाइपभोवतालच्या फळीवर काळपट वर्तुळ आणि पाइपवर धुळीचे ओघळ दिसतील. मग एकजण आत आणि एकजण बाहेर होस घेऊन. आधी बुटाच्या खालच्या शिंगलवर दहा मिनिटं, मग बुटावर, मग वरच्या शिंगलवर. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. छप्पर तीव्र उताराचं किंवा ओलं असेल तर हे काम रूफरवर सोपवा.

दुरुस्ती दोन तऱ्हेची. बुटाचा पत्रा शाबूत असेल तर पाइपवरून सरकवायची नवी गळपट्टी मिळते. माप पाइपच्या नावाने घ्या: 3 इंचीचा बाहेरचा व्यास साडेतीन इंच असतो, 4 इंचीचा साडेचार. पत्राही गेला असेल तर पूर्ण बूट बदला. पत्र्याची वरची बाजू शिंगलच्या खाली आणि खालची बाजू शिंगलच्या वर आली पाहिजे. नुसतं डांबर फासून मिळणारी दुरुस्ती घेऊ नका, हिवाळ्यात ते तडकतं.

— ऑरोराकर

उत्तर: उत्तर: उत्तर: चाचण्यांचे निकाल

नेपरव्हिलकरांची नोंद पावसाशी जुळते, म्हणून बूटच. पण हीच ओल जानेवारीत, पाऊस नसताना आणि कडाक्याच्या थंडीनंतर ऊन पडल्यावर दिसली तर बूट बदलून उपयोग नाही. तेव्हा घरातली दमट हवा पाइपभोवतालच्या फटीतून अ‍ॅटिकमध्ये जाऊन फळीवर गोठलेली असते, आणि वितळली की पाइपवरून उतरते. फट अग्निरोधक फोमने बंद करायची आणि बाथरूमच्या पंख्याचं डक्ट खरंच छपराबाहेर निघतंय ना ते बघायचं. अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेलं डक्ट पुष्कळ घरांत सापडतं.

छताचं भोक बूट बदलल्याबरोबर बुजवू नका. वाऱ्याचा एक चांगला पाऊस होऊ द्या, पट्ट्या तशाच ठेवा. भिजलेलं फायबरग्लासचं इन्सुलेशन काढून टाका. लाकडाला टोचायच्या मीटरने 15 टक्क्यांच्या खाली ओल दाखवली की ड्रायवॉल लावा. डागावर आधी शेलॅकचा किंवा तेलाचा प्रायमर, नाहीतर साध्या रंगातून पिवळं परत वर येतं. कपाटातल्या भोकाला मात्र प्लॅस्टिकचं झाकण लावा, पुढच्या वेळी करवत नको.

— शॉमबर्गची ताई