पृथ्वीवर एवढं पाणी, मग टंचाई कशाची?

प्रश्नकर्ता: पृथ्वीचा 71 टक्के पृष्ठभाग पाण्याखाली. वाफ, ढग, पाऊस, चक्र चालूच. मग 'पाणी वाचवा' म्हणजे नेमकं काय वाचवायचं? खोचकपणे नाही, खरंच विचारतोय.

भूजलवेडा: फिरतं हो, पण कुठे आणि किती वेळात, तिथेच गोम आहे. सुमारे 97.5 टक्के पाणी खारं. उरलेल्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात, बाकी बहुतेक जमिनीखाली. पावसाचं पाणी मुरत मुरत खोल थरांत पोचायला कधी कधी हजारो वर्षं लागतात. पंप तेच बघता बघता उपसतो. मग ते समुद्रावर जाऊन बरसलं तर चक्र पूर्ण झालं म्हणा हवं तर, बोअर कोरडी ती कोरडीच.

प्रश्नकर्ता: मग समुद्राचं पाणी गोडं करावं की!

भूजलवेडा: करतात. पण वीज भरमसाट लागते, आणि मागे उरलेलं दाट खारं पाणी सोडायचं कुठे?

ठिबकवाला: सगळे घरातल्या नळावरच घसरतात. जगभरच्या उपशातलं सुमारे 70 टक्के पाणी शेतीला जातं. कापसासाठी नद्या वळवल्या आणि 1960 नंतर मध्य आशियातलं अरल समुद्र नावाचं अवाढव्य सरोवर आटत गेलं. ठिबकचा मी भक्त, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी रान भिजवलं तर उपसा तेवढाच राहतो, हे कुणी सांगत नाही.

नळदुरुस्ती: तरी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून बघा. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर गेलंय. आवाज येत नाही, पाणी मात्र रात्रंदिवस जातं.