मदत हवी आहे: एसबीसीएलमध्ये स्ट्रीम-एरर पकडला तरी क्लोज करताना तोच परत येतो

नमस्कार मंडळी, दोन रात्री गेल्यात यात म्हणून विचारतोय. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची लेव्हल दाखवायला कॉमन लिस्प या भाषेत छोटा टीसीपी (नेटवर्क) सर्व्हर लिहिलाय, एसबीसीएल या तिच्या कंपायलरवर, त्याचीच एसबी-बीएसडी-सॉकेट्स ही नेटवर्क लायब्ररी वापरून. प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड, दर 5 सेकंदांनी एक ओळ लिहायची आणि लगेच फिनिश-आउटपुट (बफरमध्ये साठलेलं पुढे पाठवणं), बस.

क्लायंट मध्येच गेला की घोळ होतो. नेटकॅट या कमांडने जोडून कंट्रोल-सी मारून बघितलं, तर पुढची ओळ बिनबोभाट जाते आणि त्याच्या पुढच्या ओळीला ब्रोकन पाइप (समोरचं टोक बंद आहे असा एरर) येतं. ते ठीक आहे, पहिली ओळ कर्नलने घेतलेली असते, समोरून रीसेट नंतर येतो. स्ट्रीम-एररसाठी (कनेक्शनवर वाचता-लिहिताना येणारा एरर) हँडलर-केस, म्हणजे एरर पकडणारा ब्लॉक, लावलाय, तो चालतोही, लॉगमध्ये ‘क्लायंट गेला’ दिसतं. पण लगेच तोच एरर परत येतो आणि थ्रेड डीबगरमध्ये जाऊन बसतो, बॅकट्रेस पाहिला तर या वेळी तो क्लोजमधून आलेला! बाहेर अनवाइंड-प्रोटेक्ट (काहीही झालं तरी शेवटी क्लीनअप चालवणारा), आत हँडलर-केस, आणि क्लीनअपमध्ये स्ट्रीमचा क्लोज, अशी रचना आहे.

मग क्लोजभोवती इग्नोर-एरर्स (एरर गप्प गिळणारा) गुंडाळलं. डीबगर गेला, पण प्रोकमधल्या एफडी फोल्डरमध्ये (लिनक्समध्ये प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइल्स आणि सॉकेट्सची यादी) बघतो तर 20 वेळा जोडून तोडलं आणि 20 सॉकेट उघडेच. लिमिट 1024 आहे, म्हणजे एक दिवस सर्व्हर नवीन कनेक्शनच घेणार नाही, आणि उन्हाळ्यात लोक सकाळी उठल्या उठल्या आधी टाकी बघतात हो. क्लोजला आता आणखी काय लिहायचं असतं? प्लीज कोणीतरी सांगा.

उत्तर १: जी ओळ लिहिताना फुटलं ती बफरमध्येच पडून आहे. साधा क्लोज आधी बफर रिकामा करायला जातो, तिथे परत ब्रोकन पाइप, आणि डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा सिस्टिममधला नंबर) बंद करण्यापर्यंत तो पोचतच नाही. इग्नोर-एरर्सने फक्त ओरडणं थांबलं. क्लीनअपमध्ये क्लोजला अबॉर्ट टी द्या, मग तो बफर टाकून देतो आणि सरळ बंद करतो. पण चांगल्या क्लायंटची शेवटची ओळ हरवू नये म्हणून फिनिश-आउटपुट आधीच, हँडलर-केसच्या आत झालेलं पाहिजे. हंचेन्टूट या लिस्पमधल्या वेब सर्व्हरमध्येही हाच क्रम आहे, शेवटी फिनिश-आउटपुट आणि मग अबॉर्टसकट क्लोज, दोन्ही एरर गिळून. आणखी एक, हँडलरमध्ये स्ट्रीम-एरर-स्ट्रीम (एरर कोणत्या स्ट्रीमवर आला ते) तपासा. लॉगची फाइल लिहिताना एरर आला तर तुम्ही त्यालाही ‘क्लायंट गेला’ म्हणाल.

धागाकर्ता: झालं! 50 वेळा तोडून बघितलं, एकही सॉकेट उरला नाही. लॉगचं तर डोक्यातच नव्हतं, हँडलरमध्ये ती तपासणी आत्ताच टाकली. मनापासून आभार.