जुळे सोलापूर : गल्लीत स्पीड ब्रेकर हवाय, अर्ज कसा द्यायचा?

विजापूर रोडची गर्दी चुकवायला सगळ्यांनी आमचीच गल्ली धरलीय. संध्याकाळी क्लास सुटले की ट्रिपल सीट पोरं सुसाट. मग आम्हीच शहाणपणा केला. कोपऱ्यावर स्लॅब पडत होता, उरलेला माल, वीस-बावीस घमेली, रात्रीत आडवा ओतला. पहिला दणका कुणाला? माझ्याच आईला! स्कूटीवर मागं बसली होती, वीतभर उडाली. "पोरं जातेत की रे बाजूनं, कंबर माझी गेली," म्हणाली. खरंच, गटारीकडच्या फटीतनं ती वेग कमी न करता गाडी काढतात. महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, आधी तो फोडा. आता?

निवृत्त ओव्हरसियर :
फोडाच. तुम्ही उंबरा घातलाय, ब्रेकर नव्हे. आयआरसी ९९, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष; त्याच्या १९८८ च्या आवृत्तीतला ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच होता, ताशी २५ किलोमीटरच्या वेगानं गाडी अलगद चढून उतरावी म्हणून. रस्त्याच्या कडेपर्यंत भिडवायचा, पाण्याला वाट ठेवायची, पट्टे मारायचे, ४० मीटर आधी बोर्ड लावायचा. पट्टे नसले तर रात्री तोच अपघात करतो. अर्ज झोन कार्यालयात द्या, एक प्रत वाहतूक शाखेला. गल्लीतल्यांच्या सह्या, नकाशाचं हातानं काढलेलं चित्र, आणि आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

टॉवेलवाला :
सह्या करताना सगळे पुढं असतेत ओ. ब्रेकर नेमका कुणाच्या दारात, हे विचारा, मग बघा! आमच्या दारात हाय. पाण्याचा टँकर आला की खिडक्यांची तावदानं थरथरतेत, रिकामा परतताना तर पत्रे वाजवत जातोय. नवीन माणूस उठून बसतोय रात्री.

मूळ प्रश्नकर्ता :
काल टेप लावला. उंची १६, रुंदी ४५ सेंटिमीटर! ओव्हरसियर काका, उंबराच की तो. रविवारी फोडतोय, घण शेजारच्यांनी दिलाय. सह्या सव्वीस झाल्या. टॉवेलवाल्यांचा प्रश्न मात्र घरोघरी विचारला आणि प्रत्येकानं बोट शेजारच्या फाटकाकडं दाखवलं. शेवटी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटसमोर मागायचं ठरलंय. तिथं बोलायला कुणी नाही.